पाळी थांबल्यानंतरचं ‘डी’

पन्नाशीकडे झुकलेली बाई दवाखान्यात जाते तेव्हा तिची तक्रार एक नसते. मान-चेहऱ्यातून एकदम वाफा निघतात, पंखा डोक्यावर गरगरत असताना ब्लाउज घामाने भिजतो. पहाटे तीनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही. गुडघे धरतात, कंबर भरून येते, बारीकसारीक गोष्टीवर चिडचिड होते. रक्त तपासलं जातं आणि रिपोर्टमध्ये एक आकडा ठळक अक्षरांत येतो. ‘‘तुमचं डी कमी आलंय,’’ असं सांगून आठवड्याला एक याप्रमाणे साठ हजार युनिटच्या पुड्या लिहून दिल्या जातात. घरच्यांना हायसं वाटतं. चला, कारण सापडलं!

हे कारण खरंच सापडलेलं असतं का, याची तपासणी या प्रकरणात करू. ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे खरी आहे आणि पाळी थांबतानाचा त्रासही खरा आहे. पण दोन्ही गोष्टी एकाच वयात एकाच शरीरात भेटल्या म्हणून एकीतून दुसरी जन्मली असं ठरत नाही. ही गल्लत झाली की बाईचं दोन्हीकडून नुकसान होतं. वाफांवर चांगले उपचार असूनही ते तिच्यापर्यंत पोचत नाहीत, आणि हाडांकडे ज्या काळजीने बघायला हवं तेही राहून जातं.

वाफा कुठून निघतात?

सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं मानतात. भारतात हे वय सरासरी ४६-४७च्या आसपास आहे. युरोप-अमेरिकेत ते ५१च्या जवळ आहे. म्हणजे आपल्याकडच्या बाईचं इस्ट्रोजेन या हार्मोनचं कवच चार-पाच वर्षं आधीच जातं.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. शरीराचं तापमान ठरावीक पट्ट्यात ठेवण्याचं काम तो करतो. तिथल्या काही चेतापेशींवर इस्ट्रोजेनचा अंकुश असतो. अमेरिकेतल्या संशोधक नाओमी रान्स यांनी १९९०च्या सुमारास मृत स्त्रियांच्या मेंदूंचे पातळ काप तपासले, तेव्हा पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये नेमक्या याच पेशी फुगून मोठ्या झालेल्या दिसल्या. अंकुश सुटला की या पेशी न्यूरोकायनिन बी नावाचं रसायन जास्त प्रमाणात सोडतात आणि तापमानाच्या केंद्राला उगीचच डिवचतात. सहन होणारा तापमानाचा पट्टा अरुंद होतो. एरवी जाणवलीही नसती इतकी किंचित उष्णता वाढली, तरी शरीर ‘फार तापलं’ असं समजून कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडतं आणि घाम सोडतं. चेहरा लाल होतो, छाती धडधडते. काही मिनिटांत सगळं ओसरतं आणि अंगावर गार शहारा येतो.

हा त्रास वर्ष-सहा महिन्यांत संपतो, हा समज चुकीचा आहे. अमेरिकेत विविध वंशांच्या हजारो स्त्रियांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणाऱ्या ‘स्वॉन’ या अभ्यासाने २०१५ मध्ये दाखवलं की वारंवार वाफा येणाऱ्या निम्म्या स्त्रियांना हा त्रास सात वर्षांहून जास्त काळ होतो. ‘होईल सवय’ म्हणून इतकी वर्षं अंगावर काढायला सांगणं योग्य नाही.

या साऱ्या साखळीत ड जीवनसत्त्व कुठे येतं? मुख्य दुव्यांपैकी एकातही नाही. वाफांचं मूळ इस्ट्रोजेनच्या उतारात आणि मेंदूच्या त्या पेशींत आहे.

‘डी’चं खरं काम

उन्हातले अतिनील किरण कातडीवर पडले की तिथल्या कोलेस्टेरॉलसारख्या एका पदार्थापासून ड जीवनसत्त्वाचा कच्चा माल तयार होतो. यकृतात त्यावर पहिली प्रक्रिया होते. रिपोर्टमध्ये मोजतात ते हे यकृतातून बाहेर पडलेलं रूप. मूत्रपिंडात दुसरी प्रक्रिया झाल्यावर तयार होणारं रूप प्रत्यक्ष कामाला लागतं. ते आतड्याला सांगतं, अन्नातलं कॅल्शियम शोषून घे. ड जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेल्या कॅल्शियमपैकी जेमतेम १० ते १५ टक्के शरीरात जातं. ते पुरेसं असेल तर हेच प्रमाण ३० ते ४० टक्क्यांपर्यंत वाढतं.

रक्तातलं कॅल्शियम शरीर फार काटेकोरपणे सांभाळतं, कारण हृदयाचा ठोका, स्नायूंचं आकुंचन आणि मज्जातंतूंचे संदेश त्याच्यावर चालतात. आतड्यातून ते कमी आलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हुकूम सोडतात आणि हाडांतून ते काढून घेतलं जातं. हाडं ही कॅल्शियमची कणगी आहे. पेरणीच्या दिवसांत धान्य काढावं लागतं, सुगीत ते परत भरायचं असतं. नुसतं काढतच राहिलं तर कणगी रिकामी होणारच.

आता यात इस्ट्रोजेनची भर घाला. जुनं हाड खरवडून काढणाऱ्या पेशींना आवर घालण्याचं काम इस्ट्रोजेन करतं. पाळी थांबल्यानंतर हाडं ठिसूळ होण्याचा आणि या हार्मोनचा संबंध बोस्टनच्या फुलर अल्ब्राइट यांनी १९४०च्या दशकाच्या सुरुवातीलाच मांडला होता. शेवटच्या पाळीच्या आधीचं एक वर्ष आणि नंतरची दोन वर्षं, या काळात हाडांची झीज सर्वांत वेगाने होते. आवर घालणारं इस्ट्रोजेन गेलं आणि त्याच वेळी ड जीवनसत्त्वही कमी असलं, की हाडांवर दोन बाजूंनी ताण पडतो. या दोन गोष्टींची खरी गाठ पडते ती इथे, हाडांत.

उन्हाच्या देशात कमतरता कशी?

तिरुपतीला वर्षभर भरपूर ऊन असतं. तिथल्या पाळी थांबलेल्या स्त्रियांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. दहातल्या आठ स्त्रियांमध्ये ड जीवनसत्त्व कमी निघालं. दिल्लीतल्या निरोगी लोकांमध्ये अशीच कमतरता २००० मध्ये दाखवली गेली होती. आकाशात ऊन असणं वेगळं आणि ते योग्य वेळी, पुरेशा वेळ, उघड्या कातडीवर पडणं वेगळं.

आपल्याकडे सकाळच्या कोवळ्या उन्हावर मोठा विश्वास आहे. बाळाला त्यात शेकवतात, आजीला अंगणात बसवतात. मन प्रसन्न व्हायला ते ऊन उत्तमच, पण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण त्यात अगदी थोडे असतात. सूर्य खाली असताना किरणांना वातावरणाचा जाड थर तिरका ओलांडावा लागतो आणि कामाचे किरण वाटेतच शोषले जातात. ओळखायची खूण सोपी आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन कामाचं. मुंबई-पुण्यात डिसेंबरातही भर दुपारी सावली उंचीपेक्षा थोडी आखूडच पडते. बाकीच्या महिन्यांत साधारण दहा ते तीन ही वेळ धरता येते. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा मात्र उपयोग नाही, कारण काच हे किरण अडवते.

सावळ्या कातडीतलं मेलॅनिन या किरणांना अडवतं, म्हणून आपल्याला गोऱ्या लोकांपेक्षा जास्त वेळ लागतो. वयाबरोबर कातडीतला कच्चा माल घटतो. सत्तरीतल्या कातडीत तरुणपणाच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढंच ड जीवनसत्त्व तयार होतं. अंगभर कपडे, फ्लॅटमधलं राहणं, दुपारभर ऑफिस, हवेतला धूर, पावसाळ्यातले ढग या सगळ्यांची भर पडते. वजन जास्त असेल तर हे जीवनसत्त्व चरबीत साठून राहतं आणि रक्तात कमी दिसतं.

आहारातून ते फार थोडं मिळतं. बांगडा, तारली यांसारखे तेलकट मासे आणि अंड्याचा बलक हे चांगले स्रोत. शाकाहारी घरासाठी ड जीवनसत्त्व मिसळलेलं दूध आणि तेल हा मार्ग आहे. अशा पाकिटांवर ‘+एफ’ ही निळी खूण असते.

पुडीने वाफा थांबतात का?

ड जीवनसत्त्व कमी असलेल्या स्त्रियांमध्ये थकवा, उदासी, झोपेच्या तक्रारी जास्त आढळतात, असं सांगणारे पाहणी अभ्यास पुष्कळ आहेत. पण जी बाई आजारी आहे, घराबाहेर पडत नाही किंवा जिचं वजन जास्त आहे, तिचं ड जीवनसत्त्वही कमी असतं आणि ती थकलेलीही असते. यात कोण कोणाचं कारण, हे पाहणीतून कळत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडावे लागतात. एका गटाला खरी गोळी, दुसऱ्याला हुबेहूब दिसणारी बिनऔषधी गोळी. आणि कोणाला काय मिळतंय हे ना बाईला माहीत, ना डॉक्टरला.

अशी सर्वांत मोठी चाचणी अमेरिकेच्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ने केली. पाळी थांबलेल्या, ५० ते ७९ वयाच्या ३६,२८२ स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० युनिट ड जीवनसत्त्व दिलं. त्यांतल्या ३४ हजारांहून जास्त स्त्रियांच्या रजोनिवृत्तीच्या तक्रारींचा हिशेब २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. झोप, मनःस्थिती, थकवा आणि एकूण लक्षणं, यांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही.

या चाचणीच्या मर्यादाही लक्षात घ्यायला हव्यात. ४०० युनिट हा डोस आज कमी मानला जातो, आणि त्या स्त्रियांचं सरासरी वय साठीच्या पुढचं होतं. अनेकींचा वाफांचा काळ उलटून गेला होता. पण मनःस्थितीपुरतं बोलायचं तर जास्त डोसचा पुरावाही उपलब्ध आहे. ‘व्हायटल’ या चाचणीत पन्नाशीच्या पुढच्या १८ हजारांहून जास्त स्त्री-पुरुषांना काही वर्षं रोज २,००० युनिट किंवा बिनऔषधी गोळी दिली. २०२०च्या निष्कर्षांत नैराश्य टाळण्यात ड जीवनसत्त्वाचा उपयोग दिसला नाही. योनिमार्गाच्या कोरडेपणावर ड जीवनसत्त्वाची स्थानिक वापराची औषधं काही छोट्या चाचण्यांत तपासली गेली आहेत आणि काहींत फायदाही दिसला, पण एवढ्यावर उपचार उभा करता येत नाही.

मग ‘पुडी घेतली आणि बरं वाटलं’ असं इतक्या जणी सांगतात, ते खोटं का? मुळीच नाही. वाफांच्या चाचण्यांमध्ये बिनऔषधी गोळी घेणाऱ्या स्त्रियांचाही त्रास बऱ्याच अंशी कमी होतो. त्रास अगदी टोकाला गेल्यावर माणूस डॉक्टरकडे जातो आणि टोक गाठल्यावर तो बहुतेकदा उतरतोच. कोणीतरी ऐकून घेतलं, याचाही गुण येतो. शिवाय काही जणींच्या बाबतीत पुडीने खरोखरच दुखणं बरं केलेलं असतं, फक्त ते दुखणं वाफांचं नसतं.

दुखणं कोणतं, ते ओळखा

ड जीवनसत्त्व फार कमी झालं, म्हणजे मिलिलिटरला १०-१२ नॅनोग्रॅमच्या खाली बरेच दिवस राहिलं, तर हाडांत कॅल्शियम नीट बसत नाही. हाड मऊ पडतं. याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात. याची लक्षणं नीट समजून घेतली पाहिजेत, कारण ती ‘पाळी जातानाचं दुखणं’ म्हणून सर्रास दुर्लक्षित होतात.

यात ठणका सांध्यात कमी आणि हाडांत जास्त असतो. कंबर, मांड्या, बरगड्या, पावलं ठणकतात. नडगीच्या हाडावर अंगठ्याने दाबलं तर कळ येते. मांड्या आणि खुब्याचे स्नायू दुबळे होतात. पंगतीत जमिनीवर बसलेली बाई उठताना आधी एक हात जमिनीला टेकते, मग गुडघ्यावर रेटा देते. एसटीची पायरी चढताना दांडा ओढून अंग वर घ्यावं लागतं. वरच्या फळीवरचा डबा काढताना हात भरून येतात. चाल बदकासारखी डुलती होते. अशा वेळी रक्तातलं ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फटेज आणि पॅराथायरॉइड हार्मोन तपासायला हवं. निदान पक्कं झालं आणि उपचार सुरू झाले की काही आठवड्यांत बाईला उठता-बसता फरक जाणवू लागतो. ड जीवनसत्त्वाचं हे सामर्थ्य निर्विवाद आहे.

पाळी थांबतानाची सांधेदुखी वेगळी असते. ती सकाळी बोटांत, गुडघ्यांत, खांद्यांत ताठरपणाने जाणवते आणि हालचालीनंतर मोकळी होते. तिथे व्यायाम आणि वजन यांचं महत्त्व जास्त आहे.

हाडांसाठी कोणाला, किती?

फ्रान्समधल्या लियों शहराच्या परिसरात वृद्धाश्रमांत राहणाऱ्या ३,२७० स्त्रियांवरची चाचणी १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचं सरासरी वय होतं ८४. रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट ड जीवनसत्त्व दिल्यावर दीड वर्षात खुब्याची हाडं मोडण्याचं प्रमाण ४३ टक्क्यांनी घटलं. या स्त्रिया उन्हात जात नव्हत्या, त्यांचं ड जीवनसत्त्व मुळातच फार कमी होतं.

याउलट ‘व्हायटल’ चाचणीतल्या, बहुतांशी पुरेसं ड जीवनसत्त्व असलेल्या माणसांना रोज २,००० युनिट देऊनही हाडं मोडणं कमी झालं नाही, असं २०२२ मध्ये स्पष्ट झालं. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ स्त्रियांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिटचा डोस किंवा बिनऔषधी गोळी दिली. २०१० मध्ये निकाल आला तेव्हा डोस मिळालेल्या गटात पडण्याचं आणि हाडं मोडण्याचंही प्रमाण जास्त निघालं.

या तिन्ही चाचण्या एकत्र ठेवल्या की चित्र स्वच्छ होतं. कमतरता असेल तिथे ड जीवनसत्त्व भरून काढल्याने मोठा फायदा होतो, तोही कॅल्शियमच्या जोडीने. पुरेसं असेल तिथे आणखी ओतून काही मिळत नाही. आणि एकदम प्रचंड डोस दिला तर अपाय होऊ शकतो.

रिपोर्ट वाचतानाही हे ध्यानात ठेवा. अनेक प्रयोगशाळा ३०च्या खालचा प्रत्येक आकडा ‘अपुरा’ म्हणून छापतात. अमेरिकेतल्या वैद्यकीय तज्ज्ञांच्या समितीने २०११ मध्ये बहुतेकांच्या हाडांसाठी २० पुरेसे मानले. हार्मोनतज्ज्ञांच्या ‘एंडोक्राइन सोसायटी’नेही ३०चा आग्रह २०२४ मध्ये सोडला आणि निरोगी माणसांची सरसकट तपासणी करू नये, असं सुचवलं. पंचाहत्तरीच्या पुढे मात्र तपासणी न करताही रोजचा माफक डोस द्यावा, असं त्याच संस्थेचं म्हणणं आहे. तेवीस-चोवीस आकडा आला म्हणून घाबरून जाऊ नये.

पुडीचा हिशेब

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला रोज ६०० युनिट लागतात. एका पुडीत ६०,००० युनिट असतात, म्हणजे शंभर दिवसांची गरज. खरी कमतरता भरून काढायला आठवड्याला एक, अशा साधारण आठ पुड्या देतात आणि मग डोस खूप कमी करतात. घोळ होतो तो पुढे. जुनी चिठ्ठी दाखवून पुड्या आणल्या जातात, शेजारणीला दिल्या जातात, ‘आठवड्याला’च्या जागी ‘रोज’ समजून घेतल्या जातात. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, जास्त झालं म्हणून लघवीवाटे पटकन निघून जात नाही. रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, वारंवार लघवी, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. वेळीच कळलं नाही तर मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मुतखडा किंवा क्षयरोग झालेला असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल, रक्तदाबासाठी लघवीची गोळी सुरू असेल तर हे डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं.

प्रत्येक तक्रारीला तिचा उपचार

वाफांसाठी सर्वांत गुणकारी औषध आजही इस्ट्रोजेन आहे. गर्भाशय असेल तर त्याच्या जोडीला प्रोजेस्टोजेन द्यावं लागतं. साठीच्या आत किंवा पाळी थांबून दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं तर बहुतेक निरोगी स्त्रियांमध्ये फायद्याचं पारडं जड असतं, आणि हाडांनाही त्याचं संरक्षण मिळतं. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गाठी, पक्षाघात झालेल्यांना ते देत नाहीत. त्यांच्यासाठी नैराश्यावरच्या काही गोळ्यांचे कमी डोस, गॅबापेंटिन, बोधात्मक वर्तनोपचार असे पर्याय आहेत. न्यूरोकायनिनचा मार्ग अडवणाऱ्या फेझोलिनेटँट या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ते घेताना यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. योनिमार्गाच्या कोरडेपणावर इस्ट्रोजेनचं मलम कमी मात्रेत चांगलं काम करतं. या त्रासाबद्दल बोलायला संकोच वाटतो, पण न बोलल्यामुळेच तो वर्षानुवर्षं सोसला जातो.

हाडांसाठी पाळी थांबल्यानंतर रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, कपभर दुधात सव्वादोनशे-अडीचशे, टेबलस्पूनभर तिळात शंभरेक. नाचणीची भाकरी, दही-ताक, तिळाची चटणी, राजगिऱ्याचे लाडू, काट्यासकट खाता येणारे छोटे मासे यांतून बरंच भागतं, उरलेल्यासाठी गोळी. त्याबरोबर भराभर चालणं, जिने चढणं आणि हातांत वजन घेऊन केलेला व्यायाम हवाच, कारण हाड भाराला प्रतिसाद देतं. पासष्टीनंतर हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करावी. चाळिशीच्या आत पाळी गेली असेल, स्टिरॉइड सुरू असतील किंवा साध्या पडण्याने मनगट मोडलं असेल तर त्याआधीच.

आणि थकवा, धाप, केस गळणं, वजन वाढणं या तक्रारी ‘डी’च्या किंवा ‘वयाच्या’ खात्यावर टाकण्याआधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर तपासून घ्यावी, कारण या वयात या तिन्हींचे बिघाड फार आढळतात. पाळी थांबून वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, अगदी डागापुरता असला, तरी त्याचा संबंध कोणत्याही जीवनसत्त्वाशी लावू नये. तो बहुतेकदा साध्या कारणाने असतो, पण काही वेळा ती गर्भाशयाच्या कर्करोगाची पहिली खूण असते, आणि त्या टप्प्यावर सापडला तर तो बहुधा बरा होतो. त्यासाठी त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावं.